थंडीआधी गाडीची बॅटरी आणि वायरिंग

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा कित्येकदा ५ अंशांखाली जातो आणि तिथल्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक करणाऱ्या गाड्या दिसू लागतात. खापर थंडीवर फुटतं. बॅटरीची वाट मात्र मे-जूनच्या ४५ अंशांत लागलेली असते. थंडी फक्त पितळ उघडं पाडते. म्हणून दिवाळीचा फराळ संपला की एक सकाळ यासाठी काढा.

दहा नंबरचा पाना, साधा मल्टिमीटर, खायचा सोडा, जुना टूथब्रश आणि दोन-चार जादा फ्यूज जवळ घ्या. रात्रभर उभ्या गाडीला चावी लावण्याआधी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी तपासा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आकडा बारावरच घुटमळला तर आधी डायनेमो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) आणि त्याचा पट्टा बघा. दुकानदार नवी बॅटरी आनंदाने विकेल, पण तीही काही दिवसांत बसेल.

मग टर्मिनल. पांढरट-हिरवी भुकटी जमली असेल तर सोड्याच्या पाण्याने घासून कोरडं करा. क्लॅम्प हाताने हलला तर दुखणं बहुधा तिथेच आहे. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा.

हॉर्न किंवा वायपर असं एकच काहीतरी बंद असेल तर फ्यूज बघा. कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा बहुधा फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतच असतो. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०. उजेडात धरला की आतली पट्टी तुटलेली दिसते. १५ च्या जागी २० चा किंवा चांदीचा कागद अजिबात नको, फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, इलेक्ट्रिशियनकडे न्या.

पहाटे मुरैना-धौलपूरमार्गे आग्र्याला निघणार असाल तर आदल्या संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि मागे उभे राहून दोन्ही लाल दिवे बघा. धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला तेवढेच दिसतात.