दोन डायलिसिसच्या मधले दिवस

आठवड्याचे १६८ तास असतात. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास हिमोडायलिसिस, म्हणजे निकामी मूत्रपिंडांऐवजी मशीनने रक्त शुद्ध करून घेणारा रुग्ण त्यांपैकी १२ तास मशीनवर असतो. जाणे-येणे, वजन करणे, सुया लावणे आणि काढणे धरले तरी हिशेब वीस तासांच्या आसपास थांबतो. उरलेले तास त्याचे स्वतःचे आहेत, आणि ते कसे जातील हे मोठ्या प्रमाणावर दोन डायलिसिसच्या मधल्या काळात शरीरात किती पाणी साठते यावर ठरते. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे उमजायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागले. तोवर घरातील सगळे रक्ततपासणीतील क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडे बाहेर टाकतात त्या टाकाऊ द्रव्याच्या) आकड्याकडेच डोळे लावून बसत असू.

निरोगी मूत्रपिंडे रात्रंदिवस थोडे थोडे पाणी बाहेर टाकत असतात. मशीनला मात्र दोन-तीन दिवसांचे साठलेले पाणी चार तासांत काढायचे असते. हा वेग वजनाच्या दर किलोमागे ताशी १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असे सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे चार तासांत फार तर तीन लिटर पाणी सुखाने निघते. चार लिटर वाढवून गेलेल्या रुग्णाचा रक्तदाब मशीनवरच उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत त्याला अंथरुणातून उठवत नाही. ज्याला आपण डायलिसिसचा थकवा म्हणतो, त्यातला बराचसा थकवा पाणी घाईने काढावे लागल्याचा असतो.

म्हणून घरात वजनकाटा हवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहावे आणि दिवसाची वाढ एक किलोच्या आत राहते का ते पाहावे. किती पाणी प्यायचे हे डॉक्टर ठरवतात. बहुधा चोवीस तासांत होणारी लघवी अधिक सुमारे अर्धा लिटर, असा तो हिशेब असतो. आम्हाला उपयोगी पडलेली युक्ती साधी होती. दिवसाच्या वाट्याचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचे आणि चहा, ताक, आमटी, कढी, गोळीबरोबरचा घोट असे जे काही पोटात जाईल, तेवढे पाणी बाटलीतून ओतून टाकायचे. दुपारी चार वाजता बाटलीत किती उरले आहे ते वडिलांना स्वतःलाच दिसे, आणि घरच्यांना पहारेकरी व्हावे लागत नसे. माझ्या मते त्यांच्या मनाच्या शांतीसाठी ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची ठरली.

मीठ कमी केल्याशिवाय पाणी कमी होत नाही, कारण तहान मिठाने लागते. पापड, लोणचे, फरसाण, सुकी मासळी आणि बेकरीचे पदार्थ यांवर आधी नियंत्रण आणावे. सैंधव हेही मीठच आहे. उपवासाला चालते म्हणून ते मूत्रपिंडाच्या रुग्णालाही चालेल असे नाही. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात तर बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते आणि ते या रुग्णांना धोक्याचे आहे. मधुमेह असल्यास साखर वाढल्यानेही घसा कोरडा पडतो, तेव्हा तहान अचानक वाढली तर साखर तपासावी. तोंडात लवंग किंवा वेलदोडा धरणे, चूळ भरणे, बर्फाचा लहान खडा मोजून चघळणे यांनी पुष्कळ निभावते.

रक्तातील पोटॅशियम वाढल्याचे अनेकदा कळतच नाही, आणि ते एकदम हृदयाचे ठोके बिघडवते. शहाळ्याचे पाणी, केळी, संत्री, टोमॅटो, पालक ही यातली नेहमीची नावे. एकादशीच्या ताटात बटाटा, रताळे आणि शेंगदाणे एकत्र येतात, म्हणून तो उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग फोडणीस घालाव्यात. कमरख म्हणजे करमळ (स्टार फ्रूट) हे फळ मात्र एक फोडही खाऊ नये. त्यातील विष मूत्रपिंडे निकामी असलेल्या माणसाच्या मेंदूवर चढते. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असेल तर शुक्रवार ते सोमवार हा सर्वांत लांब खंड असतो, आणि नेमका त्यातच रविवारचा बेत येतो. पाणी, मीठ आणि फळे या तिन्ही गोष्टी सर्वांत जपायच्या त्या याच दोन दिवसांत. रात्री आडवे झाल्यावर दम लागत असेल तर पुढच्या पाळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आमची खरी चूक प्रथिनांच्या बाबतीत झाली. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिने कमी खायला सांगितलेली असतात, आणि तो जुना आहारतक्ता आम्ही पुढेही कित्येक महिने पाळत राहिलो. डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक थोडेफार वाहून जातात, त्यामुळे आता वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन, शाकाहारी असल्यास पनीर आणि बेताची डाळ यांतून ती भरून काढावी लागतात. न खाल्ल्यास स्नायू झिजतात, आणि काट्यावर तेच वजन दिसत असताना झिजलेल्या मांसाची जागा पाणी घेते. म्हणजे ठरवून दिलेले ड्राय वेट, जादा पाणी काढून टाकल्यावरचे वजन, तेच खोटे ठरते. चेहरा सुकत चालला असेल, भूक मेली असेल, तर ड्राय वेट पुन्हा तपासण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी. अन्नातील फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. जेवण उरकल्यावर तासाभराने घेतल्यास त्या फारशा कामी येत नाहीत.

फिस्टुलाच्या हातावर (सुया लावण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या हातावर) बोटे ठेवून रोज सकाळी थरथर जाणवते का ते पाहावे. ती थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नये आणि तो अंगाखाली घेऊन झोपू नये. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, कारण त्यांनी उरलेसुरले मूत्रपिंडाचे काम बिघडू शकते, आणि थोडीफार लघवी होत असेल तर ती टिकवणे फार मोलाचे असते. खाज, झोप न लागणे, पायांची रात्रीची तळमळ आणि मनाची उदासी यांवर इलाज असतात. ‘हे असेच चालायचे’ म्हणून ते सोसत राहू नये.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि रेल्वेच्या भाड्यातही डायलिसिससाठी प्रवास करणाऱ्यांना सवलत मिळते; रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे त्याची कागदपत्रे आधीच मागून घ्यावीत. प्रत्यारोपण शक्य असेल तर प्रतीक्षायादीतील नोंदणी लांबणीवर टाकू नये.

गावी जाणे मात्र सोडू नये. गणपतीला कोकणात जायचे असेल तर महिनाभर आधी जवळच्या डायलिसिस केंद्राला फोन करून पाळी ठरवावी. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल, ड्राय वेट आणि मशीनच्या सूचना लिहिलेला कागद सोबत ठेवावा. प्रवास डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवावा, आणि परतीची पाळीही निघण्यापूर्वीच पक्की करावी.