नाचणी-काजूच्या न्याहारीच्या वड्या

लेक पहिल्या एसटीने कॉलेजला जाते. एवढ्या पहाटे तिच्या घशाखाली घावन काय, चहासुद्धा धड उतरत नाही. म्हणून पिशवीत या वड्या टाकते. मालवणहून कुडाळ येईपर्यंत दोन संपतात.

१ वाटी नाचणीचं पीठ, १ वाटी पातळ पोहे, पाऊण वाटी काजू, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, पाव वाटी तीळ, सव्वा वाटी किसलेला गूळ, ३ चमचे तूप, थोडी सुंठ-वेलची आणि ३-४ आमसुलं. काजू अख्खे नकोत, तुकडा घ्या. बाजारात तो स्वस्त मिळतो आणि वडीत कोण बघतंय! गूळ साधा कोल्हापुरी, चिक्कीचा नको. आणि ओलं खोबरं कितीही मोह झाला तरी नाही. आमच्या हवेत त्याला दुसऱ्या दिवशी वास येतो.

काजू, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजा. पोहे बोटांत चुरले जातील इतके कुरकुरीत करून हातानेच भरडा. मग २ चमचे तुपात नाचणी, मंद आचेवर, चांगली १२-१५ मिनिटं. पीठ मुळातच काळपट, त्यामुळे रंगावर जाऊ नका. चिमूटभर जिभेवर ठेवायचं. टाळूला चिकटलं तर अजून कच्चं आहे.

खरी परीक्षा पाकाची. गूळ, उरलेलं तूप आणि २ चमचे पाणी कढईत घ्या. फेस आला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघत राहा. थेंब पसरला तर थांबा. मऊ गोळी वळली आणि दाबल्यावर चपटी झाली की लगेच गॅस बंद. गोळी ताटलीवर टणकन वाजली तर चिक्की झाली म्हणून समजा; चमचाभर पाणी घालून पाक पुन्हा गरम करा.

सगळं पाकात कालवा. आमसुलं बारीक कापून शेवटी घाला, त्यांच्यात मीठ असतंच. तूप लावलेल्या ताटात मिश्रण थापून वाटीच्या बुडाने घट्ट दाबा आणि कोमट असतानाच सुरी फिरवा. गार झाल्यावर भुगा होतो. वड्या वळत नाहीत म्हणून काहीजणी दुधाचा हबका मारतात. तसं केलंत तर दोन दिवसांत संपवा.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलीग्रॅम. पण गूळ शेवटी साखरेचाच भाऊ, तेव्हा मधुमेहवाल्यांनी डबा लांबूनच बघावा.

वड्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर झाकणाला पाणी सुटतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवा, तोही पाणी घातलेल्या ताटलीत. मुंग्यांना गुळाचा पत्ता विचारावा लागत नाही.