खारा वारा आणि उभी गाडी : कोकणात या चुका टाळा

"गाडी फिरतेच कुठे? बाजारापर्यंत नि परत. सर्व्हिसिंग करू दिवाळीनंतर." किनाऱ्यावरच्या गावांत हे कारण हमखास ऐकू येतं. गाडीच्या पुस्तकात मात्र 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं, आणि आपण त्यातले किलोमीटर तेवढे लक्षात ठेवतो. कोकणात महिने मोजायचे. इथे गाडी पळून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते.

फक्त वरून धुणे

बॉनेट लख्ख, काचा लख्ख, आणि खाली महिन्याभराचा लाल चिखल. हवेतलं मीठ पत्र्यावर बसलं की ते ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो. चाकांवरच्या कमानी, सायलेन्सरचे जोड आणि दारांच्या खालच्या कडा आधी जातात. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की काचेच्या फटीतून उतरलेलं पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत काम झालेलं असतं. मग पत्रा कापा, नवा जोडा, रंग मारा. खराट्याचा एक हीर घेऊन ती भोकं मोकळी केली तर हा खर्च वाचतो.

खालून धुताना पाणी गोडंच हवं. एप्रिल-मेमध्ये समुद्राकाठच्या ज्या विहिरी मचूळ होतात, त्यांच्या पाण्याने धुऊन उपयोग नाही. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोटीतून आलात, तर घरी पोचल्यावर चाकं आणि गाडीचा तळ धुऊन टाका. बोटीत चढता-उतरताना धक्क्याच्या उतारावर चाकं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यातूनच जातात. गंजरोधक कोटिंग पावसाआधी, तळ कोरडा आणि स्वच्छ असताना करून घ्या. गंजावर किंवा चिखलावर थापलेलं कोटिंग ओल आत कोंडतं, म्हणजे पैसे देऊन गंज पाळायचा.

पुळणीवर गाडी घालणं तर सोडूनच द्या. रुतलेली गाडी भरतीत सापडली की बेअरिंग, ब्रेक, वायरिंग सगळ्यांत खारं पाणी शिरतं. शिवाय वेळास-आंजर्ल्यासारख्या ठिकाणी त्याच वाळूत कासवं अंडी घालतात, हे वेगळंच.

हँडब्रेक ओढून मुंबईला जाणे

गावच्या घरी गाडी ठेवून चाकरमानी महिना-दोन महिने निघून जातात. हँडब्रेक घट्ट ओढलेला, वरून प्लॅस्टिकचं कव्हर. पावसाळ्यात मागचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात आणि परत आल्यावर गाडी जागची हलत नाही. मग जोर लावून ओढली तर लायनर सुटून येतं. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक सैल सोडा. बिनहवेशीर कव्हरखाली घाम साचतो. त्यापेक्षा पडवीत उघडी ठेवलेली बरी. (माडाखाली मात्र नको. कारण सांगायला नको.)

बॅटरीसाठी शेजारच्या पोराला "रोज पाच मिनिटं चालू कर" असं सांगून ठेवायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. स्टार्टरने खेचलेली वीज पाच मिनिटांत पूर्ण भरून येत नाही. शिवाय इंधन जळताना पाण्याची वाफही तयार होते. सायलेन्सर नीट तापला नाही तर ते पाणी आतच राहून त्याला पोखरतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणू दे. ते जमणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून जा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर वायरी सोडवून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, सुकवा आणि बसवल्यावर वर पेट्रोलियम जेली लावा. निम्म्या वेळा बॅटरी 'गेली' म्हणतात तिथे दोष याच पुडीचा असतो.

बंद गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. तंबाखू, डांबराच्या गोळ्या, सगळे उपाय ऐकून आहे. माझा फारसा विश्वास नाही. कुणीतरी दर दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा. त्याच वेळी वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढायचा, नाहीतर पाणी तुंबून ब्लोअरमध्ये किंवा पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं.

घाट न्यूट्रलमध्ये उतरणे

आंबा, कुंभार्ली, आंबोली, कुठलाही घाट घ्या. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे अजून भेटतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या (इंधन मोजून फवारणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असताना इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे बचत नाही, वर सगळा भार ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. ते उकळलं की पेडल मऊ पडून खाली जातं. इथल्या दमट हवेत ते दोन वर्षांनी बदलाच, किलोमीटर कितीही कमी असोत. उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा.

चढताना उलटी चूक. गणपतीच्या गर्दीत गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची, मग जळका वास येतो आणि क्लचप्लेट संपते. थांबलात की हँडब्रेक. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच बाजूला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. अडचणीत साधं पाणी घातलं तर घरी आल्यावर ते काढून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरा.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद. इथल्या पावसात तितकी वाट पाहू नका.

बुडालेली गाडी चालू करून बघणे

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या त्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर पहिला हात किल्लीकडे जातो, आणि तिथेच मोठं नुकसान होतं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. हीच गत पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्याने होते. किल्ली लावू नका, बॅटरी सोडवा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या. साध्या पॉलिसीत असं बिघडलेलं इंजिन बहुतेक वेळा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं. नदीकाठी किंवा खाडीकाठी राहत असाल तर नूतनीकरणाच्या वेळी ते मागून घ्या.