सिल्व्हर मॉलला निघण्याआधी

कॉम्प्युटर घ्यायला सिल्व्हर मॉलला, म्हणजे इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, निघताय? आधी एक कोरा कागद घ्या आणि पेन शोधा. मोबाइलमध्ये लिहून ठेवलेलं दुकानात गेल्यावर उघडलं जात नाही. समोरच्याने काउंटरवर तीन खोकी मांडली की घरून काय ठरवून निघालो होतो तेच आठवत नाही. आमच्याकडे, इंदूरच्या रामबागेत, या महिन्यात तीन कॉम्प्युटर घ्यायचे आहेत. एक भाच्याचा, दुसरा साडूंच्या सीए ऑफिसचा, तिसरा धाकट्या भावाच्या स्टुडिओचा. तो लग्नाचे व्हिडिओ करतो. तिघांच्याही कानात कुणीतरी एकच मंत्र फुंकलाय: 'सर्वर वाला प्रोसेसर डलवा लो भिया, लाइफटाइम देखना नहीं पड़ेगा.' हे वाक्य मीही एकदा ऐकलंय आणि त्याचे पैसे मोजलेत, म्हणून ही यादी.

कागदाच्या पहिल्या ओळीत प्रोसेसरचं, म्हणजे मशीनमधल्या मुख्य चिपचं, नाव लिहू नका. मशीनवर एका वेळी किती जण काम करणार, दिवसातून किती तास ते चालू राहणार आणि भर दुपारी बंद पडलं तर कुणाकुणाचं काम अडणार, एवढं लिहा. भाच्याने पहिल्या खेपेला नुसतं 'सगळंच' असं लिहिलं. 'सगळंच' नावाचा प्रोसेसर मिळत नाही, म्हणून कागद परत केला. दुसऱ्या खेपेला नीट उतरलं: रात्री गेम, कॉलेजचं प्रोग्रॅमिंग आणि घरच्या घरी एखादं एआय मॉडेल चालवून बघायची हौस. साडूंनी लिहिलं: आठ जण, टॅली, सकाळी दहा ते रात्री आठ, रिटर्नच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत. भावाने लिहिलं: लग्नसराई. तेवढ्याने कळलं.

आता त्या ओळींसमोर दोन जातींचे प्रोसेसर उभे करा. पंगत डोळ्यांसमोर आणा. डेस्कटॉपचा प्रोसेसर म्हणजे घरचे सहा-आठ तरणे वाढपी, वाटी रिकामी व्हायच्या आत वरण ओतणारे. सर्व्हरचा, म्हणजे एका वेळी अनेकांची कामं उरकणाऱ्या मशीनचा, ही मंगल कार्यालयातली फौज. चाल संथ, पण एका वेळी हजार पानं वाढणार, आणि मुदपाकखान्यातून बाहेर यायला दारंही भरपूर. एएमडीचा एपिक ९६५४ हा २०२२ सालचा सर्व्हर प्रोसेसर घ्या. ९६ कोर, म्हणजे ९६ वाढपी, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, जोर लावला तर ३.७, आणि रॅमकडे, म्हणजे मशीनच्या कामापुरत्या स्मृतीकडे, जाणाऱ्या १२ वाटा. त्याच कंपनीचा डेस्कटॉपवरचा रायझन ९ ९९५०एक्स बघा. कोर १६च, पण वेग ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि रॅमच्या वाटा फक्त २. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण पंगतीला जेवणारा एकटाच असेल तर ९५ वाढपी खांबाला टेकून उभे राहतात आणि जो वाढतो तो हळूहळू वाढतो. ऑटोकॅडचं बरंचसं काम, टॅलीची एकेक एन्ट्री, बहुतेक गेम हे सगळे असे एकटे जेवणारे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हा हिशेब मांडून ठेवलाय: कामाचा निम्मा भाग वाटून देता येत नसेल, तर ९६ कोर लावूनही ते दुप्पट वेगाने होत नाही. म्हणून यादीत दुसरी नोंद अशी करा की आपलं मुख्य सॉफ्टवेअर किती कोर खरोखर वापरतं. सोपी रीत सांगतो. आत्ताच्या मशीनवर ते चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, आलेखावर उजवी क्लिक करून सगळे कोर वेगवेगळे दिसतील असं करा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. एक-दोन चौकोन भरलेले आणि बाकीचे रिकामे दिसले, तर सर्व्हर प्रोसेसरचा विषय तिथेच मिटला.

मी हे न बघता गेलो होतो. २०२२ची गोष्ट. एका दुकानात झिऑन ई५-२६८० व्ही४ हा इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ३२ जीबी रॅम असा जुना संच मिळाला. १४ कोर. इंटेलच्याच नव्या सहा कोरच्या आय५ या डेस्कटॉप प्रोसेसरपेक्षा स्वस्त. हिशेब तोंडपाठ होता: कोर दुपटीहून जास्त, पैसे कमी. घरी आणून सगळं जोडलं, पंखे फिरले, पडदा काळा. अर्धी रात्र केबल उपसण्यात गेली. या झिऑनमध्ये पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स नसतंच, वेगळं कार्ड लागतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. (डेस्कटॉपमध्येही हा काटा आहे. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.) कार्ड घालून मशीन सुरू झालं, तरी टॅली आणि ब्राउझर जुन्या मशीनइतकेच रेंगाळत. रेंगाळणारच. तो प्रोसेसर २०१६चा, वेग जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ. शेजारच्या खोक्यातला आय५-१२४०० हा ४.४ पर्यंत जाणारा आणि सहा वर्षांनी नवा, म्हणजे त्याचा प्रत्येक कोर तेवढ्याच वेगातही जास्त काम उरकणारा.

पुढे रॅम काढून दुसऱ्या मशीनमध्ये घालायला गेलो, तेव्हा आणखी एक धडा मिळाला. ती सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम होती, म्हणजे आरडीआयएमएम. साध्या डेस्कटॉप बोर्डात ती चालत नाही. खाचेत बसते आणि मशीन गप्प राहतं. शिवाय विंडोज ११ची मायक्रोसॉफ्टची जी मान्य यादी आहे, तीत ई५ व्ही४ मालिका नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. संच बाराच्या भावात गेला असं मात्र म्हणणार नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, एका वेळी सहा-सात आभासी मशीनं, म्हणजे एकाच मशीनच्या पोटातली स्वतंत्र मशीनं, चालवली, आणि तिथे ते १४ कोर खरंच पंगत वाढायला लागले. काम वाटून देण्यासारखं असेल, पडद्यापेक्षा पाठीमागे चालणारं असेल, तर जुना झिऑन आजही वाईट सौदा नाही. फक्त जुना घ्यायचाच तर प्रोसेसरचं वय, बोर्डाचा चिपसेट आणि रॅमची जात या तीन गोष्टी दुकानात उभं राहून लिहून घ्या.

भाच्याच्या एआयसाठी कागदावर एक गुणाकार करा. घरी चालणारं भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दाच्या तुकड्यासाठी आपला सगळा पसारा रॅममधून एकदा वाचतं, म्हणून तिथे कोरपेक्षा रॅमची वाट किती रुंद हे महत्त्वाचं. माझ्या जुन्या झिऑनला रॅमच्या ४ वाटा, डीडीआर४-२४००, म्हणजे प्रत्येक वाटेवर सेकंदाला २४० कोटी फेऱ्या. प्रत्येक फेरीत ८ बाइट, म्हणजे सेकंदाला ७६.८ जीबी. नव्या डेस्कटॉपच्या २च वाटा, पण डीडीआर५-५६००: ८९.६ जीबी. म्हणजे सर्व्हरच्या चार जुन्या दारांना डेस्कटॉपची दोन नवी दारं भारी पडतात. एपिक ९६५४ मात्र १२ वाटांनी ४६०.८ जीबी देतो. मॉडेल ५ जीबीचं असेल तर ८९.६ला ५ने भागा: सेकंदाला सतरा-अठरा तुकडे, तेही सगळं मनासारखं झालं तर. आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६०चं १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड एकटं ३६० जीबी देतं. तेव्हा भाच्याला सांगितलं, 'प्रोसेसर सहा-आठ कोरचा घे, उरलेले पैसे कार्डात घाल.' तो म्हणाला, 'मामा, मी तेच म्हणत होतो.' म्हणत नव्हता.

भावाचं काम वरवर पंगतीचं वाटतं, कारण व्हिडिओ बाहेर काढताना सगळे कोर राबतात. पण त्याचा दिवस जातो टाइमलाइनवर मागे-पुढे करण्यात, आणि हल्लीचे बरेच कॅमेरे दहा बिटचं ४:२:२ एच.२६५ हे रंग जास्त टिपणारं, पण घट्ट दाबलेलं रूप लिहितात. ते उलगडण्याची सोय इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतल्या ग्राफिक्समध्ये ११व्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती ५० मालिकेपासून, २०२५ साली आली. जुन्या झिऑनकडे यातलं काहीच नाही. चौदा कोर घाम गाळतात आणि नवरीची वरात अडखळत चालते. म्हणून त्याच्या नावापुढे: इंटेल डेस्कटॉप, ग्राफिक्ससकट. इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी घेतली तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत आहे का ते दुकानातच विचारा. त्यातले वरच्या दर्जाचे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून अस्थिर होत होते आणि इंटेलने २०२४ साली त्यावर दुरुस्ती दिली.

साडूंच्या ऑफिसात सर्व्हर हवाच, पण त्याला सर्व्हरचा अगडबंब प्रोसेसर हवा असं नाही. टॅलीचा डेटा एका मशीनवर असतो आणि आठ जणांची आठ मशीनं आपापलं काम करतात. मधल्या मशीनला लागते चांगली एसएसडी, धड गिगाबिट केबल आणि चूक पकडणारी रॅम. ही शेवटची वस्तू लोक विसरतात. ईसीसी रॅममध्ये दर ६४ बिटांमागे तपासणीचे जादा बिट असतात. एक बिट उलटा झाला, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला, तर दुरुस्त होतो, दोन झाले तर मशीन निदान बोंब तरी ठोकतं. बिट असा उलटतो कशाला, असं साडूंनी विचारलं, तेव्हा बेल्जियमची गोष्ट सांगितली. २००३ साली तिथल्या स्खारबेकच्या मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दिसली, आणि ४,०९६ म्हणजे नेमका दोनाचा बारावा घात. मशीनच्या स्मृतीतला एक बिट उलटला होता. अंतराळातून आलेल्या कणाने तो उलटवला असावा, असा अंदाज बांधला गेला. साडू थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'भाऊसाहेब, ईसीसी लिहा.' लिहिलं. त्याखाली हेही लिहिलं की डीडीआर५च्या खोक्यावरचं 'ऑन-डाय ईसीसी' वेगळं. ते चिपच्या आतल्यापुरतं असतं, रॅम ते प्रोसेसर या वाटेवरची चूक त्याला दिसत नाही.

ईसीसीसाठी फार वर चढावं लागत नाही. झिऑन ई-२४०० मालिका आठ कोरपर्यंतच जाते. २०२४ साली आलेली एपिक ४००४ मालिका तर नावाने सर्व्हर आणि आतून रायझन; रायझनच्याच एएम५ सॉकेटात बसते. साध्या रायझनमध्येही ईसीसी चालू शकते, पण बोर्डाने ते मान्य केलेलं असावं लागतं, म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव लिहून कंपनीच्या पानावर तपासा. मशीन बंद असतानाही दुरून चालू करता येणारी सोय पाहिजे असेल, तर ती प्रोसेसरमध्ये नसते, सर्व्हर बोर्डावरच्या वेगळ्या छोट्या चिपमध्ये असते. लायसन्सचा हिशेबही आधीच मांडा. विंडोज सर्व्हर कोर मोजून विकतात आणि किमान १६ कोरांचे पैसे घेतात, प्रोसेसर आठ कोरचा असला तरी. ३२ कोरचा घेतलात तर ३२चे द्या. आठ जणांत नुसते फोल्डर वाटायचे असतील तर विंडोज ११ प्रो पुरतं. त्याची मर्यादा एका वेळी २० उपकरणांची. आठही जणांना रिमोट डेस्कटॉपने एकाच मशीनवर बसवायचं असेल तर मात्र हिशेब उलटतो. तिथे पंगत बसली, तिथे कोर मोजा.

मशीन कुठे ठेवणार ती जागा बघून या. एक यू उंचीचा रॅकवाला सर्व्हर जेमतेम साडेचार सेंटिमीटर जाड असतो. त्यात चिमुकले पंखे हजारोंच्या फेऱ्यांनी फिरतात. ओळखीच्या एकांनी असा एक जुना सर्व्हर स्वस्तात आणून माडीवर लावला होता. त्यांच्या आईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, 'गिरणी घातलीस का रे?' सतत १०० वॅट ओढणारं मशीन दिवसरात्र ठेवलं तर महिन्याला ७२ युनिट होतात. दर तुमच्या बिलावर आहे, गुणून ठेवा. माळव्याची रात्र थंड म्हणून नावाजलेली खरी, पण मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माडीला ती कीर्ती ठाऊक नसते. ऑफिसच्या मशीनला यूपीएस पाहिजेच. भाच्याच्या नाही, त्याचा गेम बंद पडला तर घरात जेवायला माणूस मिळतो.

निघताना कागदावर तिन्ही नावांपुढे दोन-दोन पर्याय असू द्या, एकच नको, आर.एन.टी. मार्गावर पोचेपर्यंत एक तरी 'अभी स्टॉक में नहीं है' झालेला असतो. बिलावर प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घ्या. साडूंचा जीएसटी नंबरही घ्या, नाहीतर ते मला आठवडाभर ऐकवतील. जुना माल असेल तर बोर्ड तिथेच सुरू करून रॅम पूर्ण दिसते का ते बघा. नव्या इंटेलमध्ये आणि एएम५मध्ये टाचण्या प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटात असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली तर वॉरंटीवाले आधी तुमच्याकडेच बघतात. म्हणून खोकं उघडल्यावर, प्रोसेसर बसवायच्या आधी, दुकानदाराच्या समोर सॉकेटचा जवळून फोटो काढा. भाच्याला बरोबर न्या. माझ्या मोबाइलचा कॅमेरा जवळचं धूसर टिपतो.