जाहिरातीतून झालेली विक्री सर्व्हरवरून कशी मोजावी

ग्राहक तुमच्या जाहिरातीवर क्लिक करतो, वस्तू निवडतो, पेमेंट गेटवेच्या पानावर जाऊन पैसे भरतो. पैसे कापल्याचा मेसेज येतो. त्याचं काम झालेलं असतं, तो तिथेच ब्राउझर बंद करतो. तुमचं ‘धन्यवाद’ पान त्याच्याकडे उघडतच नाही, त्यावरचा पिक्सेल (विक्रीची खबर जाहिरात यंत्रणेला देणारा छोटा कोड) चालत नाही, आणि गूगल किंवा फेसबुकच्या मेटासारख्या जाहिरात यंत्रणेच्या लेखी ही विक्री झालीच नाही. उलटंही घडतं. दुसरा एक ग्राहक ते पान तसंच उघडं ठेवतो, दुसऱ्या दिवशी फोन तो टॅब पुन्हा लोड करतो आणि तीच विक्री दोनदा मोजली जाते. तुमच्या डेटाबेसमध्ये मात्र दोन्ही वेळी बरोबर एकेकच ऑर्डर असते.

म्हणून विक्रीची खबर ब्राउझरने नव्हे, ती ऑर्डर ज्याच्या नोंदवहीत आहे त्या सर्व्हरने द्यावी. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

ब्राउझरवर भरवसा का उरला नाही, हे थोडक्यात. ॲड ब्लॉकर पिक्सेलची फाइलच उतरू देत नाहीत. सफारीने २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचं (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीचं) आयुष्य ७ दिवसांवर आणलं आणि काही जाहिरात क्लिकच्या बाबतीत २४ तासांवर. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १४.५ ही प्रणाली आल्यापासून दुसऱ्यांच्या ॲप आणि साइटवर माग काढायचा तर ॲपला आधी वापरकर्त्याची परवानगी विचारावी लागते.

आधी ठरवा: नेमकं काय मोजायचं

कोड लिहिण्यापूर्वी एका कागदावर लिहा की तुमच्यासाठी कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून साधायची घटना, नेमकी कोणती. ‘ऑर्डर दिली’ आणि ‘पैसे जमा झाले’ या दोन वेगळ्या घटना आहेत. माझं मत स्पष्ट आहे: पैसे जमा झाल्याची नोंद डेटाबेसमध्ये पडते तो क्षण धरा. चौकशीचा फॉर्म असेल तर फॉर्म नीट तपासून साठवला गेला तो क्षण. रकमेत कर आणि पोचवण्याचा खर्च धरायचा की नाही हेही आताच ठरवा आणि सगळ्या यंत्रणांना तीच रक्कम पाठवा. नाहीतर पुढे दोन अहवाल शेजारी ठेवाल तेव्हा फरक कुठून आला ते कळणार नाही.

मार्ग निवडा

पहिला मार्ग म्हणजे तुमच्या सर्व्हरने जाहिरात यंत्रणेच्या एपीआयला (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या दाराला) थेट निरोप पाठवणं. मेटाकडे यासाठी कन्व्हर्जन्स एपीआय आहे, गूगल ॲड्सकडे क्लिकनुसार कन्व्हर्जन अपलोड करण्याची सोय आहे. दुसरा मार्ग म्हणजे गूगल टॅग मॅनेजरचा सर्व्हर कंटेनर, म्हणजे माहिती घेऊन पुढे वाटणारा मधला प्रोग्राम. तो गूगलच्या क्लाउड रनसारख्या सेवेवर चालवायचा, तुमच्याच डोमेनचं एक उपडोमेन त्याला जोडायचं आणि तिथून माहिती सगळ्या यंत्रणांना वाटायची.

इथे एक मोठा गैरसमज दिसतो. सर्व्हर कंटेनर बसवला म्हणजे सर्व्हरवरून ट्रॅकिंग सुरू झालं असं लोक समजतात. पण नेहमीच्या मांडणीत त्या कंटेनरला माहिती पुरवतो तो ब्राउझरच. धन्यवाद पान उघडलं नाही तर कंटेनरलाही काही कळत नाही. खरा फायदा हवा असेल तर विक्रीची घटना तुमच्या ऑर्डर प्रणालीतूनच निघाली पाहिजे, मग ती थेट एपीआयला जावो की कंटेनरमार्गे. एक-दोन यंत्रणांवरच जाहिरात असेल आणि डेव्हलपर हाताशी असेल तर थेट एपीआय बरा. यंत्रणा चार-पाच असतील तर कंटेनर सोयीचा, पण तो चालू ठेवण्याचा मासिक खर्च धरून चला. तुमची साइट एखाद्या तयार ई-कॉमर्स सॉफ्टवेअरवर असेल तर त्याचं अधिकृत प्लगइन हे काम करतं का, ते सगळ्यात आधी पाहा.

पायरी १: क्लिकचा संकेत जपून ठेवा

जाहिरातीवरून आलेल्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर एक लांबलचक संकेत असतो. गूगलचा जीसीएलआयडी (gclid), मेटाचा एफबीसीएलआयडी (fbclid). कोणत्या क्लिकमुळे विक्री झाली याचा सगळ्यात पक्का दुवा हाच, आणि तो सहज हरवतो. साध्या पत्त्यावरून सुरक्षित पत्त्यावर, मूळ पानावरून भाषेच्या पानावर अशा रीडायरेक्टमध्ये तो गळून पडतो. तपासायला सोपं आहे. तुमच्या पत्त्यापुढे हाताने ‘?gclid=test’ असं काहीतरी टाइप करा, पान उघडा आणि शेवटी पोचलेल्या पत्त्यात तो शब्द शिल्लक आहे का ते बघा.

मग तो संकेत कुकीत ठेवा, शक्यतो सर्व्हरच्या उत्तरातून. एक धोका सांभाळा: पान कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून, दिलं जात असेल तर त्याच्यासोबत कुकी कॅश होऊ देऊ नका. तसं झालं तर एकाचा संकेत दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसतो. आणि संकेतातली अक्षरं जशीच्या तशी ठेवा. लहान-मोठी अक्षरं बदलली तर तो निरुपयोगी होतो.

पायरी २: ऑर्डरसोबत सगळं साठवा

या पायरीवर घाई करू नका. सगळी मांडणी इथे तरते किंवा बुडते.

पैसे जमा झाल्याची खबर तुमच्या सर्व्हरला बहुधा पेमेंट गेटवेच्या वेबहूकमधून, म्हणजे गेटवे आपणहून पाठवतो त्या निरोपातून, मिळते. ती विनंती ग्राहकाच्या ब्राउझरकडून आलेली नसते, गेटवेच्या सर्व्हरकडून आलेली असते. त्या क्षणी ‘आलेल्या विनंतीचा आयपी पत्ता घ्या’ असा कोड लिहिलात तर तुम्ही गेटवेचा पत्ता ग्राहकाचा म्हणून पाठवता. मी एका साइटचं काम केलं तेव्हा नेमकं हेच झालं. घटना पोचत होत्या, कुठे एकही एरर नव्हती, पण जुळणीचा दर्जा (पाठवलेली माहिती यंत्रणेकडच्या वापरकर्त्यांशी किती जुळते ते) काही केल्या सुधारेना. शेवटी पाठवलेल्या नोंदी एकाखाली एक लावून पाहिल्या तेव्हा दिसलं की शेकडो वेगवेगळ्या ग्राहकांचा आयपी पत्ता एकच होता.

म्हणून ग्राहक ‘पैसे भरा’ हे बटण दाबतो तेव्हाच, म्हणजे त्याचा ब्राउझर तुमच्याशी शेवटचं बोलत असतो तेव्हा, ऑर्डरच्या नोंदीत या गोष्टी टाका: आयपी पत्ता, ब्राउझरची ओळख सांगणारी युजर एजंटची ओळ, क्लिकचे संकेत, मेटाच्या एफबीपी (ब्राउझरची ओळख) आणि एफबीसी (क्लिकचा संकेत) या दोन कुकी, पानाचा पत्ता आणि ग्राहकाने दिलेली संमती. तुमचा सर्व्हर प्रॉक्सीच्या (विनंती आधी स्वतः घेऊन पुढे देणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या) मागे असेल तर खरा आयपी प्रॉक्सीने पुढे पाठवलेल्या हेडरमधून काढावा लागतो. तोही एकदा डोळ्यांनी तपासा.

एफबीसी कुकी नसेल पण एफबीसीएलआयडी असेल तर ती बनवता येते. ‘एफबी’, मग १, मग क्लिकची वेळ मिलिसेकंदात, मग तो संकेत, मधे टिंबं. ‘एफबी’ ही अक्षरं अर्थात इंग्रजी लिपीत आणि लहान (fb); संकेत मात्र जसाच्या तसा.

पायरी ३: संमती

संमतीचा उल्लेख मी यादीत शेवटी केला, पण निर्णय तिच्यावरच होतो. सर्व्हरवरून पाठवलं म्हणजे ग्राहकाला दिसत नाही, म्हणून विचारायची गरज नाही, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. ब्राउझरमध्ये ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाची माहिती मागच्या दाराने पाठवणं हा विश्वासघात आहे, आणि युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरखाली बेकायदाही आहे. वेबहूक येईल तेव्हा कोडने आधी ऑर्डरमधली संमती वाचावी. नसेल तर निरोप पाठवूच नये.

पायरी ४: माहिती स्वच्छ करून हॅश करा

ईमेल आणि फोन नंबर उघडे पाठवायचे नसतात. त्यांचा एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढायचा, म्हणजे मजकुराचं ६४ चिन्हांच्या एका ओळीत रूपांतर करायचं. मूळ मजकुरात एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी अख्खी ओळ बदलते. ग्राहकाने ईमेलचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं, किंवा ईमेलनंतर चुकून स्पेस राहिली, की तुमचा हॅश आणि यंत्रणेकडचा हॅश कधीच जुळणार नाहीत. आधी पुढच्या-मागच्या स्पेस काढा, सगळी अक्षरं लहान करा, मगच हॅश करा.

फोन नंबरची गंमत थोडी वेगळी आहे. मेटाला देशाच्या कोडसह फक्त आकडे लागतात, अधिकचं चिन्ह नको. गूगलला सुरुवातीचं अधिकचं चिन्ह हवं असतं. नंबर तोच, हॅश मात्र दोन. त्यामुळे एकदाच हॅश करून सगळीकडे तोच वापरण्याचा मोह टाळा.

आयपी पत्ता, युजर एजंट आणि कुकींची मूल्यं हॅश करू नका. ती जशी आहेत तशीच जावी लागतात.

पायरी ५: निरोप पाठवा

मेटासाठी इव्हेंट्स मॅनेजरमध्ये जाऊन ॲक्सेस टोकन (निरोप पाठवायच्या परवानगीची किल्ली) काढा. ते सर्व्हरच्या गुप्त सेटिंगमध्ये ठेवा, पानाच्या कोडमध्ये कधीच नाही. निरोपात घटनेचं नाव, वेळ, घटना वेबसाइटवर झाल्याचा उल्लेख, पानाचा पत्ता, ग्राहकाची हॅश केलेली माहिती, रक्कम, चलनाचा तीन अक्षरी कोड आणि घटनेचा आयडी असतो.

वेळ युनिक्स पद्धतीने, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेली, आणि सेकंदात द्यायची. आकडा १० अंकी दिसला तर बरोबर, १३ अंकी दिसला तर तुम्ही मिलिसेकंद पाठवताय. वेळ घटनेची द्या, निरोप पाठवल्याची नव्हे. ७ दिवसांपेक्षा जुनी घटना मेटा स्वीकारत नाही. अनेक घटना एकत्र पाठवत असाल तर त्यातली एक जरी चुकली तरी अख्खा गठ्ठा नाकारला जातो.

गूगल ॲड्ससाठी जीसीएलआयडी, कन्व्हर्जनचा प्रकार, रक्कम, ऑर्डर क्रमांक आणि टाइमझोनसह तारीख-वेळ लागते. टाइमझोन विसरू नका.

हा निरोप वेबहूकच्या कामातच थांबून पाठवू नका. समोरचा सर्व्हर हळू असेल तर तुमची ऑर्डर पक्की होणं अडकेल. तो रांगेत टाका, वेगळ्या प्रोसेसने पाठवा, अपयश आलं तर काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा, आणि आलेलं उत्तर नोंदून ठेवा.

पायरी ६: पिक्सेल ठेवा, पण आयडी एकच द्या

सर्व्हर सुरू झाला म्हणून ब्राउझरचा पिक्सेल काढायची गरज नाही. दोन्ही ठेवा, पण दोघांकडून जाणारा घटनेचा आयडी आणि घटनेचं नाव तंतोतंत सारखं असू द्या. मग ४८ तासांच्या आत आलेल्या दोन निरोपांतून मेटा एकच मोजते. आयडी ऑर्डर क्रमांकावरूनच बनवा. समजा ऑर्डर ४५१२ असेल तर दोन्हीकडे ‘ऑर्डर-४५१२’. पान दहादा रीलोड झालं तरी आयडी तोच राहतो, आणि गेटवेने वेबहूक दोनदा पाठवला तरी हाच आयडी कामी येतो. दोन्हीकडे वेगवेगळा रँडम आकडा बनवणारी मांडणी पुष्कळ दिसते. तिथे प्रत्येक विक्री दुप्पट दिसते आणि जाहिराती फार छान चालल्यात असं वाटत राहतं.

गूगल ॲड्समध्ये टॅग आणि अपलोड असे दोन वेगळे कन्व्हर्जन प्रकार केले असतील तर त्यातला एक सेकंडरी, म्हणजे फक्त अहवालापुरता, करा, नाहीतर बोली लावणारी यंत्रणा दोन्ही मोजेल.

पायरी ७: तपासा

इव्हेंट्स मॅनेजरमधल्या चाचणीच्या टॅबवर एक कोड मिळतो. तो निरोपात घालून स्वतः एक खरी ऑर्डर द्या. ब्राउझर आणि सर्व्हर अशा दोन ओळी दिसल्या पाहिजेत आणि त्यातली एक वगळल्याची खूण दिसली पाहिजे. मग तीच चाचणी दुसऱ्या पद्धतीने करा: पैसे भरल्याबरोबर टॅब बंद करा. आता फक्त सर्व्हरची ओळ यायला हवी. ती आली तर तुमचं काम झालं. तिसऱ्यांदा संमती नाकारून ऑर्डर द्या, तेव्हा एकही ओळ येता कामा नये. शेवटी चाचणीचा कोड काढायला विसरू नका.

जुळणीच्या दर्जाला मेटा १० पैकी गुण देते. गुण कमी दिसले तर आधी पायरी २ आणि ४ तपासा, जास्तीची वैयक्तिक माहिती गोळा करायला धावू नका.

पुढचे दोन आठवडे रोज एक तक्ता भरा: डेटाबेसमधल्या संमती असलेल्या ऑर्डर, यशस्वी गेलेले निरोप, आणि यंत्रणेने स्वीकारलेल्या घटना. हे तीन आकडे जवळपास सारखे हवेत. जाहिरातीच्या खात्यात दिसणारी कन्व्हर्जन मात्र यापेक्षा कमीच असतील, कारण सगळेच ग्राहक जाहिरातीतून आलेले नसतात. पहिले दोन आकडे जुळत नसतील तर तुमची रांग तपासा. दुसरा आणि तिसरा जुळत नसतील तर नोंदवून ठेवलेली उत्तरं उघडा, नाकारण्याचं कारण त्यात लिहिलेलं असतं.