वचन वाचून उठल्यावर: रोजच्या मननातून विश्वास जगण्याची पद्धत

बायबलच्या नव्या करारात याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आरशात पाहणाऱ्या माणसाचं चित्र रेखाटलं आहे. तो स्वतःचा चेहरा पाहतो, निघून जातो आणि आपण कसे दिसत होतो हे लगेच विसरतो (याकोब १:२३-२४). रोज शास्त्र वाचणाऱ्या अनेक विश्वासणाऱ्यांची अडचण हीच असते. वाचन होतं, प्रार्थनाही होते, पण दुपारी कुणावर तरी आवाज चढतो तेव्हा सकाळी काय वाचलं ते आठवतसुद्धा नाही. भक्ती कमी पडली म्हणून असं होतं, असं समजून माणसं खंतावतात. खरं कारण सहसा साधं असतं: उतारा फार मोठा घेतलेला असतो, तो नुसत्या डोळ्यांनी वाचलेला असतो, आणि जागेवरून उठण्याआधी काहीच ठरवलेलं नसतं. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. त्यासाठी सकाळची पंचवीस मिनिटं आणि रात्रीची पाच मिनिटं पुरतात.

उतारा किती घ्यायचा आणि कुठून

प्रोटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत मिळून १,१८९ अध्याय आहेत. वर्षभरात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय वाचावे लागतात. असं वाचन जरूर करावं, त्याने शास्त्राचा एकूण नकाशा डोक्यात बसतो, पण ते मनन नव्हे. दोन्ही करायची इच्छा असेल तर त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. मननाला आठ ते बारा वचनं भरपूर झाली. पत्रांमध्ये पाच-सहाच घ्या, कारण तिथे एकेका वाक्यात बरंच काही ठासून भरलेलं असतं.

सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानाने करावी. सोळा अध्याय, छोटे छोटे प्रसंग, वेगवान कथन. रोज एक प्रसंग घेतला तर दोन-सव्वादोन महिन्यांत पुस्तक पूर्ण होतं. त्यानंतर याकोबाचं पत्र घ्या. त्यात १०८ वचनं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेद जीभ, पैसा, पक्षपात, सहनशीलता अशा रोजच्या गोष्टींवर बोट ठेवतो. उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून ओळीने मनन करायला निघालेले बरेच जण निर्गमाच्या उत्तरार्धात, निवासमंडपाच्या मापांपाशी, थकून थांबतात. ती पुस्तकं महत्त्वाची आहेतच, पण त्यांच्याकडे सवय लागल्यावर आणि कुणाच्या तरी मार्गदर्शनाने वळावं.

उतारा तोडताना छापील आकड्यांवर विसंबू नका. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे, तर नव्या करारातल्या वचनांना हल्लीचे क्रमांक १५५१ साली मिळाले. मूळ लेखकांनी असे तुकडे पाडले नव्हते. म्हणून रोज आधीचा एक परिच्छेद नजरेखालून घालायचाच. पहिलं करिंथकरांस पत्र घ्या. त्यातला तेरावा अध्याय एकटा वाचला की प्रेमावरचं सुंदर काव्य वाटतो. बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मध्ये ठेवून वाचला की कळतं, आत्मिक दानांवरून एकमेकांना कमी लेखणाऱ्या मंडळीला दिलेली ती कानउघाडणी आहे.

सकाळची पंचवीस मिनिटं

पहिली दोन मिनिटं गप्प बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि शक्यतो छापील प्रत वापरा. स्क्रीनवर वाचताना एक सूचना झळकली तरी मन परत जागेवर यायला वेळ लागतो. मग एकच वाक्य म्हणा: प्रभू, बोल, मी ऐकतो आहे. लहान शमुवेलाने याजक एलीच्या सांगण्यावरून दिलेलं उत्तर याच अर्थाचं होतं.

पुढची पाच मिनिटं उतारा दोनदा वाचण्यासाठी. त्यातलं एक वाचन मोठ्याने झालंच पाहिजे. पहिल्या स्तोत्रात आणि यहोशवा १:८ मध्ये ज्या हिब्रू क्रियापदाचं भाषांतर आपण ‘मनन करणे’ असं करतो, त्याचा अर्थ पुटपुटणं, खालच्या आवाजात घोळवणं असा आहे. तोच शब्द यशया ३१:४ मध्ये भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आला आहे. यहोशवाच्या त्या वचनात नियमशास्त्र ‘मुखातून’ ढळू नये असं म्हटलं आहे, तेही याचमुळे. प्रेषितांची कृत्ये ८:३० मध्ये रथात बसून वाचणाऱ्या कूश देशाच्या अधिकाऱ्याजवळ फिलिप्प पोहोचतो, तेव्हा तो यशया वाचतो आहे हे त्याला ऐकू येतं. ओठांवर आलेला शब्द डोळ्यांवरून घसरून जात नाही. घरात माणसं झोपलेली असतील तर कुजबुजत वाचा.

नंतरची आठ मिनिटं मननाची. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ईश्वरसान्निध्यात शांत राहणं अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली. कॅथोलिक परंपरेत तिला ‘लेक्सिओ दिव्हिना’च्या, म्हणजे पवित्र वाचनाच्या, पायऱ्या म्हणून ओळखतात. त्यातली दुसरी पायरी सर्वांत जास्त चुकते, कारण नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. इथे चार गोष्टी शोधायच्या: पुन्हा पुन्हा आलेला शब्द, अनपेक्षित वागणारी व्यक्ती, देवाविषयी उतारा काय सांगतो ते, आणि जिथे मन अडखळलं ती जागा. शेवटची सगळ्यात मोलाची. जे वचन टोचतं किंवा पटत नाही, त्याला वळसा घालून पुढे जाऊ नका.

तीन मिनिटं लिहिण्यासाठी. वहीत तारीख, संदर्भ आणि जास्तीत जास्त तीन ओळी. पानभर लिहायला लागलात की दहा दिवसांत वही बंद पडते. ओळी ‘मी’ने सुरू झाल्या पाहिजेत. ‘माणसाने क्षमा करावी’ असं लिहिणं सोपं आहे, त्याने कुणाचंच काही हलत नाही.

पाच मिनिटं प्रार्थना, पण त्याच उताऱ्यातल्या शब्दांनी. नेहमीच्या विनंत्यांची यादी इथे आणू नका, तिला दुसरी वेळ द्या. उताऱ्यात वचनदत्त आशीर्वाद असेल तर आभार माना, आज्ञा असेल तर सामर्थ्य मागा, इशारा असेल तर पाप कबूल करा.

शेवटची दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आहेत. आजची एक कृती ठरवायची. तिच्यात कुणासाठी, काय आणि कधी, ही तिन्ही उत्तरं हवीत. ‘आज जास्त प्रेमाने वागेन’ ही कृती नाही. ‘दुपारी दोनच्या आत बहिणीला फोन करून परवाच्या बोलण्याबद्दल माफी मागेन’ ही कृती आहे. रात्री तिच्यापुढे ‘झाली’ किंवा ‘राहिली’ एवढंच लिहिता आलं पाहिजे. तसं लिहिता येत नसेल तर ती अजून नीट ठरलेली नाही.

एक उतारा उलगडून: लूक १९:१-१०

जक्कयाची गोष्ट इतकी ओळखीची आहे की ठेंगणा माणूस आणि येशूला पाहायला तो चढला ते उंबराचं झाड यांच्यापलीकडे लक्षच जात नाही. वरच्या पद्धतीने ती वाचून पाहा.

आधी मागचा संदर्भ. अठराव्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येशूकडे येतो, सर्व काही विकून गरिबांना देण्याची सूचना ऐकतो आणि फार खिन्न होतो. श्रीमंताचं तारण किती अवघड, हे शब्द कानात ताजे असतानाच पुढच्या अध्यायात दुसरा श्रीमंत समोर येतो, तोही जकातदारांचा प्रमुख.

पुन्हा आलेला शब्द ‘आज’. पाचव्या वचनात येशू आज तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणतो, नवव्यात आज या घराला तारण झालं म्हणतो. अनपेक्षित काय? येशूने पैशांबद्दल एक अक्षरही काढलेलं नाही. परत दे, दान कर, असं काहीही न सांगता जक्कय उभा राहतो आणि आकडे बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाला फसवून घेतलं असेल ते चौपट परत. नियमशास्त्रात अशा अपराधासाठी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढीच भरपाई सांगितली आहे (गणना ५:७). चौपट भरपाई चोरलेल्या मेंढराबद्दल होती (निर्गम २२:१). स्वतःला चोरांच्या रांगेत बसवून जक्कय हिशेब करतो.

क्रमही पाहा. स्वीकार आधी आला, परतफेड नंतर. ख्रिस्ती आज्ञापालनाचा हा क्रम उलटा झाला की मननाचं ओझं होतं: मी एवढं केलं तर देव मला जवळ करील. इथे देव आधी घरी येतो.

वहीतल्या ओळी अशा होऊ शकतात: “मी माफी मागतो, पण नुकसान भरून देत नाही. जक्कयाने आकडा सांगितला. मी सहकाऱ्याच्या कामाचं श्रेय घेतलं होतं.” आणि कृती: “आज सकाळच्या बैठकीत ते काम त्याचं होतं, हे सगळ्यांसमोर सांगेन.”

प्रत्येक उताऱ्यातून आज्ञा पिळून काढू नका

आमच्या मते उत्साही वाचकांची सर्वांत मोठी चूक ही. काही उताऱ्यांना फक्त उपासना हवी असते. स्तोत्र ८ वाचून आकाशाखाली दहा मिनिटं उभं राहणं ही त्या दिवसाची पुरेशी कृती आहे. विलापाची स्तोत्रं आणखी वेगळी. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात आशेचं वळण येत नाही. तुम्ही स्वतः दुःखात नसाल तर ते स्तोत्र कुणा दुःखी व्यक्तीच्या वतीने, तिचं नाव घेऊन म्हणा. मग तिला भेटायला जा आणि उपदेश न करता ऐका.

संदर्भातून उचललेलं वचनही असंच घात करतं. यिर्मया २९:११ मधलं हिताच्या संकल्पांचं अभिवचन बाबेलला बंदिवासात असलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायचं आहे असं सांगितलं आहे, आणि चार-पाच वचनं अलीकडे घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं हित पाहा असं म्हटलं आहे. एवढं वाचल्यावर कृती बदलते: लवकर सुटका मागण्याऐवजी आहे त्या ठिकाणी शेजाऱ्यांच्या भल्याचं एखादं काम हाती घेता येतं. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तेच. सर्व काही करायला शक्तिमान असणं म्हणजे परीक्षेत यश नव्हे; लगतच्या दोन वचनांत विपन्नतेत आणि संपन्नतेत तृप्त राहण्याविषयी बंदिवान पौल बोलतो आहे. आणि डोळे मिटून पान उघडून त्यावर बोट ठेवणं कायमचं सोडून द्या.

क्षमेविषयी एक सावधगिरी

समेट करण्याची आज्ञा मत्तय ५:२३-२४ मध्ये स्पष्ट आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाकडे जा. पण समोरची व्यक्ती मारहाण करणारी किंवा छळणारी असेल, तर एकट्याने तिच्याकडे जाणं ही या वचनाची मागणी नाही. क्षमा करणं आणि पुन्हा धोक्याच्या हाती स्वतःला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी आधी सुरक्षितता पाहा, विश्वासू वडीलधाऱ्यांना सांगा, गरज पडल्यास कायद्याची मदत घ्या. वचनाचा आधार घेऊन कुणी तुम्हाला गप्प बसायला सांगत असेल तर ते मानू नका.

रात्रीची पाच मिनिटं

सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोला याने आत्मपरीक्षणाचा पाच टप्प्यांचा क्रम घालून दिला: आभार, पाप ओळखण्यासाठी कृपेची याचना, दिवसाचा आढावा, क्षमेची याचना, उद्याचा निश्चय. प्रत्येकाला मिनिटभर द्या. आढाव्यात सकाळची कृती तपासा. राहिली असेल तर का राहिली ते एका शब्दात लिहा: भीती, विसर, आळस, वेळ. महिन्याभराने हेच शब्द मोजलेत की आपली खरी लढाई कुठे आहे ते दिसतं. ‘विसर’ जास्त असेल तर कृती खूप उशिराची ठरते आहे, ती सकाळी दहाच्या आत आणा. ‘भीती’ जास्त असेल तर कुणालातरी सोबत घ्या.

केलेलं दान किंवा मदत वहीबाहेर कुणाला सांगू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही मत्तय ६:३ मधली आज्ञा यासाठीच आहे.

खंड पडला तर

चुकलेले दिवस भरून काढायला बसू नका. चार दिवसांचे उतारे एका सकाळी उरकले की मनन संपतं आणि थकबाकी फेडणं सुरू होतं. जिथे थांबलात तिथून पुढचा उतारा घ्या. तान्हं मूल, रात्रपाळी, आजारपण अशा काळात पंचवीसची सात मिनिटं करा: एक वचन, मोठ्याने तीनदा, आणि एक कृती. आठवड्याला एक वचन पाठ करायची सवय अशा दिवसांत फार कामी येते. पाठ करताना संदर्भ वचनाच्या आधी आणि नंतर असा दोन्हीकडे म्हणा, म्हणजे तो निसटत नाही.

कोरडेपणाचे आठवडे येतातच. तेव्हा स्तोत्रांकडे वळा, वेळ कमी करा, पण जागा आणि तास बदलू नका. उदासी सगळ्याच गोष्टींत उतरली असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. ती विश्वासाची उणीव नसते.

एकट्याचं मनन कधीतरी भलतीकडे जातं. कूशी अधिकाऱ्यानेही कुणी वाट दाखवल्याखेरीज मला कसं कळणार, असं म्हटलं होतं. म्हणून आठवड्यातून एकदा दोघा-तिघांनी बसून आपापल्या वहीतली एकच नोंद वाचावी: उतारा, कृती, झाली की राहिली. एकमेकांच्या पापांची चौकशी करायची नाही, सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं.

मार्क संपल्यावर लगेच याकोब उघडू नका. एक आठवडा फक्त वही वाचा. ‘राहिली’ असं लिहिलेल्या कृतींतल्या ज्या अजूनही करता येण्याजोग्या आहेत, त्या सात दिवसांत रोज एक अशा पूर्ण करा, आणि मग आठव्या सकाळी पत्राचं पहिलं वचन मोठ्याने वाचा.