धक्क्याला लागलेल्या टगचा जनरेटर बंद कसा ठेवायचा

टग (मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी बोट) धक्क्याला लागला, मुख्य इंजिनं थांबली, तरी जनरेटर चालूच राहतो. एसी, फ्रीज, दिवे, बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा), बॅटरी चार्जर यांना वीज लागतेच. ती किनाऱ्यावरून घेतली की माझगाव-शिवडीच्या हवेतला धूर आणि काजळी त्याच क्षणी कमी होते. कार्बन किती कमी होईल हे मात्र ती वीज कशापासून बनली यावर ठरतं. म्हणून केबल विकत घेण्याआधी हिशेब मांडा.

समजा भार ४० किलोवॉट आणि मुक्काम १२ तासांचा, म्हणजे ४८० युनिट. लहान जनरेटर युनिटमागे साधारण ०.३ लिटर डिझेल घेतो, म्हणजे १४४ लिटर. लिटरमागे २.६८ किलो धरले तर ३८६ किलो कार्बन डायऑक्साइड झाला. तेवढेच युनिट ग्रिडमधून घेतले, तर देशाच्या सरासरीने (युनिटमागे सुमारे ०.७२ किलो) ३४६ किलो होतात. बचत जेमतेम दहा टक्के! मोठ्या जहाजाचा चांगला जनरेटर युनिटमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास इंधन घेतो, म्हणजे सुमारे ०.६५ किलो कार्बन डायऑक्साइड. तिथे साधी ग्रिडची वीज जोडली तर कागदावर उत्सर्जन वाढतं.

तेव्हा हरित वीज आधी, प्लग नंतर. २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांमुळे १०० किलोवॉट मंजूर भार असला तरी सौर किंवा पवन वीज थेट घेता येते. पूर्वी ही अट १ मेगावॉटची होती. करार जमत नसेल तर वीज कंपनीकडे हरित दराने वीज मागा आणि दर महिन्याचं प्रमाणपत्र फाइलला लावा. शेडच्या छपरावर सौर पॅनेल बसवायचे तर १ किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर जागा आणि दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, पावसाळ्यात बरेच कमी. जुन्या शेडच्या कैच्यांना हा भार आणि वादळी वारा पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या.

आता टगवर या. नेमप्लेटवर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहा. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल तर काम सोपं आहे. ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरशिवाय जोडू नका. पंप सतरा टक्के हळू फिरतील, शिवाय व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर ७.३ वरून ८.३ वर गेल्याने मोटारी तापतील. परदेशी मालवाहू जहाजांचा खर्च मुख्यतः इथेच वाढतो. त्यांच्यासाठी ६.६ किंवा ११ किलोव्होल्टची वेगळी यंत्रणा लागते, म्हणून सुरुवात टग आणि लाँचपासून करावी.

भार अंदाजाने धरू नका. आठवडाभर मीटर लावून नोंद घ्या, कारण एसीचे कॉम्प्रेसर एकत्र सुरू होतात तेव्हाचा आकडाच ब्रेकर पाडतो. ४० किलोवॉटला ०.८ पॉवर फॅक्टर धरून सुमारे ७० अँपिअर येतात. त्यासाठी १२५ अँपिअरचं पाच पिनांचं, आयपी ६७ दर्जाचं (धूळ-पाणी आत न जाणारं) सॉकेट आणि ३५ चौरस मिलिमीटरची रबरी तांब्याची केबल घ्या. १०० मीटरला ७ व्होल्टच्या आसपास घट येते, ती चालते.

केबलची लांबी ठरवताना मुंबईची भरती विसरू नका. इंदिरा डॉकमध्ये दारांमुळे पाण्याची पातळी फारशी हलत नाही. उघड्या धक्क्यावर मात्र उधाणाला टग चार-पाच मीटर वरखाली होतो. केबल ताणली गेली की प्लग उपटतो, सैल राहिली की फेंडर (धक्का झेलणारी रबरी गादी) आणि धक्क्यामध्ये चिरडते. रील किंवा हलता हात बसवा, आणि प्लगमधली पायलट पिन (ब्रेकरला इशारा देणारी आखूड पिन) सर्वांत आधी सुटून ब्रेकर पाडते ना, हे प्रत्यक्ष तपासा.

जोडताना क्रम मोडू नका. किनाऱ्यावरचा ब्रेकर ऑफ आणि कुलूपबंद असताना प्लग घाला. मग किनाऱ्याचा ब्रेकर ऑन करून टगच्या पॅनेलवर तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि फेजचा क्रम पाहा. क्रम उलटा असेल तर पंप उलटे फिरतात, आणि बिल्ज पंप पाणी उपसत नाही हे फार उशिरा लक्षात येतं. मोठ्या मोटारी थांबवा, टगच्या पॅनेलवर जनरेटरचा ब्रेकर ऑफ करा, शोअरचा (किनाऱ्याच्या विजेचा) ऑन करा. दोन्ही एकदम ऑन होऊच नयेत यासाठी यांत्रिक इंटरलॉक (एक ऑन असताना दुसरा अडवणारा खटका) हवा, केवळ सूचनेची पाटी पुरत नाही. भार एकेक करून चढवा आणि जनरेटर पाच मिनिटं रिकामा चालवून बंद करा. सुटताना उलट क्रम. भार असताना प्लग कधीही ओढू नका.

सर्वाधिक त्रास खाऱ्या हवेचा. पिना हिरव्या पडतात, संपर्क तापतो, सॉकेट वितळतं. पावसाळ्यात दर आठवड्याला, भार चालू असताना, तापमान मोजणाऱ्या गनने सॉकेट तपासा. एक फेज दुसरीपेक्षा स्पष्ट गरम दिसली तर वीज तोडून पिना बदला. केबल ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासा, १ मेगओहमखाली आली तर वापरू नका. दुसरा दोष लपून राहतो: अर्थमधून टगचं पोलाद धक्क्याच्या पोलादाशी जोडलं जातं आणि झिंकचे अ‍ॅनोड (पोलादाऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) भराभर झिजतात. काही जण त्यावर अर्थची तारच कापतात. त्याने माणूस मरू शकतो. उपाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थ न कापता झिजवणारा प्रवाह अडवणारी साधनं) हाच.

एवढं करूनही प्लग पडून राहतो, तेव्हा भाडेकरार वाचा. डिझेलचं बिल एकाकडे आणि विजेचं दुसऱ्याकडे असेल, तर ज्याला बचत मिळत नाही तो केबल ओढायला खलाशी पाठवणार नाही. करारातच धक्क्यावर अर्ध्या तासात जोडणी, प्रत्येक टगला स्वतंत्र मीटर आणि बचतीतला वाटा लिहून घ्या. केंद्राच्या २०२३ च्या हरित सागर मार्गदर्शक तत्त्वांत बंदरात हाताळलेल्या मालाच्या टनामागे कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के कमी करायचं लक्ष्य आहे. त्यासाठी लॉगबुकात दोन रकाने वाढवा: जनरेटरचे तास आणि शोअरचे युनिट. जनरेटरच्या तासांची बेरीज घटली नाही, तर नुसत्या युनिटांना बचत म्हणू नका.